फासा थांबायच्या आधी

आमच्या वर्ध्याला उन्हाळा लागला हे पंचांग पाहून कळत नाही. गल्लीच्या तोंडाशी कूलरच्या जुन्या, काळ्या पडलेल्या वाळ्याच्या ताट्यांचा ढीग दिसला की समजायचं, लागला. परवा मीही माझा कूलर माळ्यावरून उतरवला. टाकीतला गेल्या वर्षीचा गाळ खरवडून काढला, नव्या ताट्या बसवल्या, बादलीभर पाणी ओतून बटण दाबलं. ओल्या वाळ्याचा वास बैठकीत पसरला आणि कुणी बोलावलं नसताना माझ्या डोक्यात राक्षस येऊन बसले.

हसू नका. मी चाळिशीतली बाई आहे, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, पोरं मला टरकून असतात, आणि दर उन्हाळ्यात मी राक्षस पाळते. स्टाफरूममध्ये एकदा हे बोलून गेले तर एक बाई म्हणाल्या, "वैशाली मॅडम, या वयात?" मी म्हटलं, याच वयात. लहानपणी राक्षसांची भीती वाटते, ते आखायला कुठे सुचतं.

खेळ असा आहे. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सांगणारा, तो अख्खा देश मनात उभा करतो: त्यातली गावं, जंगलं, राजे, चोर, राक्षस. बाकीचे तिघं त्या देशातला एकेक माणूस होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. मी भिंतीवर चढतो, मी दार फोडतो, मी पळतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा. वीस पडला तर वाहवा, एक पडला तर कपाळमोक्ष. असं करत एक गोष्ट महिनेन् महिने चालते. आम्ही तिला मोहीम म्हणतो. नागपूरला हॉस्टेलात असताना मी हे शिकले आणि गावी परतताना सामानाबरोबर घेऊन आले. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा नाल्यातून बाहेर पडत नाही. दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर बसून, दुसऱ्याच एखाद्या देशात निघून जायला याहून चांगली जागा आणि वेळ मला तरी माहीत नाही.

मोहीम आखणं मला येतं. हे मी लाजत सांगत नाही. काही बायकांना पुरणपोळी येते, मला देश बनवता येतात. पण पहिला देश साफ फसला होता. मी मोठ्या हौसेनं बर्फाचा डोंगर उभा केला, त्यावर दगडी किल्ला, किल्ल्यात थंडीनं गोठलेला राजा. बाहेर ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या. माझा मित्र प्रफुल थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "अबे, एवढं बर्फ पडते म्हणते, मंग हे लोकं आंगणात झोपते कसे?" मी म्हटलं, ते घरात झोपतात. "बाराही महिने? घुसमटून मरतीन ना बाप्पा!" त्या दुपारी राजा काही हलला नाही, कारण तिघांपैकी एकालाही थंडी सुचत नव्हती.

मग मी बर्फ फेकून दिलं आणि भेगाळ नावाचा देश बनवला. काळी जमीन, तिला पाय अडकेल एवढ्या भेगा, नद्यांच्या जागी गोटे, आणि त्या सगळ्याखाली एका जुन्या बावडीच्या, पायऱ्यांच्या विहिरीच्या, तळाशी बसलेला तहान्या. तहान्या माणसं खात नाही. तो पाणी पितो. एका रात्रीत गावाची विहीर पितो आणि सकाळी बादली कोरडी वर येते. हे सांगितलं तेव्हा कुणी काही विचारलं नाही. प्रफुलनं फक्त समोरचा पाण्याचा गडवा स्वतःकडे ओढून घेतला. तेव्हाच मी ओळखलं, देश जमला.

आता हे तिघं कोण ते सांगते. आम्ही चौघंही शाळेपासूनचे. प्रफुलचं जाम गावच्या चौकात नाश्त्याचं हॉटेल आहे. नागपूरच्या, चंद्रपूरच्या, हिंगणघाटच्या गाड्या तिथं थांबतात आणि याच्या कढईतले आलूबोंडे खाऊन पुढे जातात. खेळात तो जादूगार, पण कुठल्याही गावात शिरला की आधी चूल मांडायला जागा बघतो. शुभांगी एस.टी.त कंडक्टर आहे. ड्यूट्या अदलून-बदलून ती रविवार मोकळा करायची. तिची सोनकळा राणी हातात गदा घेऊन फिरते आणि लढाईतही "पुढं सरका, पुढं सरका, मधात जागा आहे" असं ओरडते. आणि तिसरा मिलिंद. पवनारचा. घरी थोडी शेती, वर्ध्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा माणूस म्हणजे दौलत तिरकमठे, भेगाळातला सगळ्यात पक्का तिरंदाज, कोसभरावरचा उडता पक्षी पाहून तो नर की मादी हे सांगणारा.

असले खेळाडू मिळाल्यावर मोहीम आखणाऱ्याची काय दशा होते ते ऐका. मी आठवडाभर खपून एक लढाई रचली होती. तहान्याचा दूत येणार, धमकी देणार, तलवारी निघणार, दूत अर्ध्या गावाला आग लावणार. दूत आला. मी आवाज घोगरा करून धमकी दिली. प्रफुल म्हणाला, "उन्हातून आलं ते. आधी पाणी द्या त्याले." शुभांगी म्हणाली, "हाव ना, दारी आलेल्याले असं उभं ठेवते का कोणी?" मिलिंदनं त्याला बाजेवर बसवलं. आता ज्याच्या मालकानं गावाचं सगळं पाणी प्यायलं, त्याच्याच दूताला गावातलं उरलेलं गडवाभर पाणी हे तिघं देऊन बसले! मी कपाळावर हात मारला. मग मला वाटलं, या दूताला आजवर कुणी पाणी विचारलंच नसेल. मी त्याला ते प्यायला लावलं. तो रडला. त्यानं बावडीची वाट सांगितली आणि माझी लढाई बोंबलली. पण असा प्रसंग मला आखून कधी सुचला नसता. आखणी पक्की हवी, आणि ती मोडली की हात झटकून पुढे जायची तयारी त्याहून पक्की हवी.

ही गोष्ट ज्या उन्हाळ्याची, त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत मिलिंदचे डोळे जात गेले. आधी संध्याकाळचं दिसेना. मग बाजूचं दिसेना, नळीतून बघावं तसं फक्त समोरचं. नागपूरच्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला, त्याला औषध नाही हेही सांगितलं. बारीक स्क्रू दिसेनासे झाले तेव्हा त्यानं दुकान चुलतभावाकडे दिलं. त्या उन्हाळ्यात त्याला उजेड आणि अंधार यांच्यातला फरक कळायचा, बस.

डोळे गेले ते गेलेच, पण त्यामागून दुसरं काहीतरी जायला लागलं होतं, आणि ते आम्हाला दिसत होतं. लोक त्याच्याशी भांडेनासे झाले. बसमध्ये न विचारता दंड धरून बसवायचे. लग्नात पंगतीतून उठवून ताट हातात आणून द्यायचे. त्याचा सख्खा भाऊ, जो बांधावरून त्याच्याशी घसा ताणून भांडायचा, तो आता "तू म्हणतो तसंच करू, मिल्या" म्हणायचा. सगळे त्याच्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं हळू बोलायचे. एकदा तो मला म्हणाला होता, "मास्तरीण, तुया टेबलावर येतो तं माणूस असल्यासारखं वाटते. इथं लोकं मले शिव्या तरी देते." त्याच्यासाठी पणाला लागलेलं होतं ते एवढंच. सगळ्या जिल्ह्यात एक टेबल उरलं होतं जिथं तो इतरांसारखा हरू शकत होता.

मला त्यानं एक शिकवलं, ते इथं सांगितलंच पाहिजे. आधी मी नकाशे काढायची, रंगीत खडूंनी, हौसेनं. कूलरच्या वाऱ्यानं ते उडू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवायची. त्या वर्षी नकाशे बंद केले. मिलिंद विचारायचा, "दौलत टेकडीवर चढला. काय दिसते?" आणि ते सांगणं माझं काम. नुसतं "समोर किल्ला" म्हणून भागत नव्हतं. मग मी सांगू लागले, की खालून कापसाच्या जळक्या पऱ्हाट्यांचा वास येतोय, वारा उजव्या गालावर लागतोय म्हणजे तिकडं झाडी नाही, आणि दूर कुणीतरी रिकामी घागर दगडावर आपटतंय. तो मान तिरपी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "बावडी डावीकडं आहे." बाकी दोघंही हळूहळू डोळे मिटून ऐकायला लागले. माझं सांगणं त्या उन्हाळ्यात जेवढं सुधारलं तेवढं ते कधी सुधारलं नव्हतं. वर्गातसुद्धा. भूमिती फळ्यावर न काढता सांगता येते, हे मला तेव्हा समजलं.

फाशाचं मात्र करायचं काय? तो टाकायचा मिलिंद आणि वाचायची शेजारी बसलेली शुभांगी. मी माझ्यासमोर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उभा करून बसते, कारण राक्षसांचे आकडे खेळाडूंना दिसू द्यायचे नसतात. त्यामुळे पलीकडचा फासा मला दिसत नाही, आकडा तेवढा ऐकू येतो. "पंधरा!" "सतरा!" "अठरा, मिल्या, अठरा!" दौलत तिरकमठे त्या महिन्यात असा काही खेळला की विचारू नका. प्रफुलचा जादूगार दोनदा भाजला, सोनकळेचा पाय मोडला, दौलतला ओरखडा नाही. मी गणिताची बाई, मला शंका यायला हवी होती असं तुम्ही म्हणाल. पण नशीब असं लागतं कधी कधी, आणि मी मनातून खूश होते. त्याच्या बाजूनं काहीतरी पडतंय ना, पडू दे.

मे महिन्यातल्या एका रविवारी भर दुपारी लाइन गेली. कूलर घरघरत घरघरत थांबला. कूलर थांबल्यावर आमच्या घरात जी शांतता पडते ती बाहेरच्या माणसाला समजायची नाही. दोन महिने कानात भरलेला आवाज एकदम काढून घेतात. शुभांगी वर्तमानपत्रानं वारा घेत होती. खेळ थांबवायचा नाही असं ठरलं. दौलतला भेगेवरून उडी मारायची होती. मिलिंदनं फासा टाकला, जरा जोरात टाकला, आणि तो टेबलावरून खाली गेला. फरशीवर टणटण करत पलंगाखाली घरंगळला.

"अठरा!" शुभांगी म्हणाली.

मिलिंद हलला नाही. फरशीवरचा तो बारीक आवाज आम्हा सगळ्यांनाच ऐकू येत होता. मग तो थांबला.

"शुभे," मिलिंद म्हणाला, "फासा आत्ता थांबला."

प्रफुल पलंगाखाली वाकला, आणि घाबरून खरं तेच बोलून गेला, "चार आहे."

"कधीपासून?" मिलिंदनं विचारलं. शुभांगीच्या हातातल्या वर्तमानपत्राची फडफड थांबली. तेवढं उत्तर त्याला पुरलं. "म्हणजे दौलत कधीचाच मेला," तो म्हणाला. "तुमी मले मढं खेळवून राह्यले."

"अबे, मी काय मारून टाकू का तुले?" शुभांगी रडकुंडीला आली.

"हाव. मारायले पाह्यजे होतं. मले दिसत नाई, हे मले माहीत आहे. पण मले हरताई येत नाई, असं तुमाले वाटते." तो उठला, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेला आणि प्रफुलला म्हणाला, "गाडी काढ. पवनारच्या बसमध्ये बसवून दे."

मला राग आला, आणि मला आलेला राग घरभर ऐकू जातो. माझ्या टेबलावर खोटा आकडा! इथं राक्षससुद्धा नियमानं मरतात. दुसऱ्या दिवशी मी तशीच स्टँडवर गेले. शुभांगी गाडी लागायची वाट पाहत तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून उभी होती. मी बोलायला तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "माहीत आहे मले तू काय म्हणणार. पण पाह्य वैशू, नशिबानं त्याले एकावर एक वाईटच टाकलं. मी एवढीशी अठरा म्हटलं तं काय बिघडलं?"

"खेळ बिघडला."

"खेळ मोठा का माणूस मोठा?"

"त्याच्यासाठी ते एकच आहे गं," मी म्हटलं. ती गाडीत चढली, घंटी मारली, आणि दारातून ओरडली, "मंग तू सांग कसं करायचं! मास्तरीण तू आहे!" चिडून म्हणाली, पण बरोबर म्हणाली. शुभांगीचा जीव होता त्याच्यावर, म्हणून तिच्या हातून हे झालं. प्रेम करणाऱ्या माणसाच्या हाती फासा वाचायचं काम देऊ नये, एवढंच मी शिकले. मी रागावले तरी मला तिच्यावर फार वेळ रागावता आलं नाही.

पुढच्या रविवारी मिलिंद आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन लावला तर त्याचे बाबा घ्यायचे, "जय भीम बेटा, झोपला तो" म्हणायचे. भर सकाळी. आम्ही तिघं कूलरसमोर बसून आंबे खायचो आणि उगाच एकमेकांवर डाफरायचो. मग मी ठरवलं, हे असं चालायचं नाही, आणि बसमध्ये बसले.

उन्हाळ्यात पवनारची धाम नदी म्हणजे खडकच जास्त. मधे मधे डबकी, त्यात म्हशी. पुलावरून गेलं की गरम दगडाचा वास येतो. मिलिंदच्या घरी छपरीत त्याची आई पोत्यावर चिंचेचा ढीग घेऊन बसली होती. चिंच फोडायचे दिवस होते. शेजारी मिलिंद, मांडीवर सूप घेऊन, गरातून चिंचोके काढत होता.

"ये वो वैशाली," काकू म्हणाल्या. "समजाव याले. दिवसभर बोलत नाई."

"मास्तरीण चप्पल घासत चालते," मिलिंद मान वर न करता म्हणाला. "आली का समजूत काढाले?"

"समजूत काढायला मी काय तुझी आत्या आहे? मोहीम अर्धवट पडलीय माझी." मी खाली बसले. उठावाचे ठिपके असलेले फासे मिळतात, मागवते, म्हटलं. तो म्हणाला, "मागवले होते मी. वीस बाजूचा फासा चाचपडाले गेलं का हातातच पलटते." मग बोलणारा फोन वापरू, म्हटलं. "फोन कोणाच्या हातात राहीन? शुभीच्या? मंग तोबी अठराच म्हणन." हे म्हणताना तो जरासा हसला, आणि मला तेवढं पुरे होतं.

बोलता बोलता त्याचे हात चालूच होते. आख्खा चिंचोका एकीकडे, किडका एकीकडे, फुटका एकीकडे. बोट लागलं की निवाडा, आणि चूक नाही. मी बघत बसले. काकू म्हणाल्या, "लहानपणी सगळ्या मोहल्ल्याले चटके देत फिरे हा." ते आमच्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. चिंचोका दगडावर घासायचा, तापला की दुसऱ्याच्या हाताला लावायचा. मी काकूंचा पाटा पुढे ओढला, एक चिंचोका घेतला, जीव खाऊन घासला आणि सरळ त्याच्या दंडाला टेकवला.

"आई गं! अबे ए मास्तरीण!" तो कळवळला. दोन वर्षांत कुणी त्याला असा त्रास दिला नसेल. त्यानं दंड चोळला, माझ्या हातातून चिंचोका हिसकावून घेतला, मला परत चटका द्यायला म्हणून चाचपला, आणि थांबला. घासलेली बाजू पांढरी, सपाट, खरखरीत. न घासलेली काळी, फुगीर, गुळगुळीत. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला.

"हे समजते," तो हळूच म्हणाला. "न हलवता समजते."

आमच्या आज्या-पणज्या चिंचोक्यांवर पट खेळल्या. आणि मी, गणिताची पदवीधर, वीस बाजूंचा परदेशी फासा घेऊन बसले होते. त्या दुपारी काकूंच्या पाट्यावर आम्ही दोघांनी मिळून सहा चिंचोके घासले.

सहा चिंचोके परातीत टाकायचे, पांढरे किती पडले ते मोजायचे. ऐकायला सोपं, पण माझा अख्खा देश वीसच्या हिशेबानं बांधलेला. चिंचोक्यांत मधले आकडेच जास्त पडतात, टोकाचे क्वचित. म्हणजे प्रत्येक राक्षसाचं बळ, प्रत्येक भेगेची रुंदी, प्रत्येक कुलपाचा कडकपणा नव्यानं ठरवायचा. हात दुखेपर्यंत चिंचोके टाकून पाहिले आणि सगळं पुन्हा मांडलं. लोकांना वाटतं असल्या खेळात कल्पनाशक्ती लागते. लागते, पण तिच्याखाली हिशेब पक्का नसेल तर राक्षस खोटा वाटतो. यंदाची मोहीम आखतानाही मी आधी आकडे बसवते, शिंगं मागाहून लावते. माझे राक्षस म्हणूनच घाबरवतात.

नियम मिलिंदनं सांगितला. "टाकन तोच वाचन, हातानं. सगळे. माया एकट्यासाठी काही नको. आन् वाचणं होईलोक कोणी तोंड उघडायचं नाई." साध्या कामाला तीन पांढरे पुरेत, अवघडाला चार-पाच. सहाही पांढरे तर चमत्कार. एकही पांढरा नाही, तर ज्यानं टाकले तो गेला. शुभांगीला हे सांगितलं तेव्हा ती मिलिंदकडे बघत म्हणाली, "मले बसू देशीन ना तुया बाजूले?" तो म्हणाला, "बसजो. पण हात मांडीखाली ठेवून."

कॉलेज उघडायच्या आधीचा शेवटचा रविवार. फरशीवर मांडलेल्या परातीत धुतलेलं धोतर अंथरलं होतं, चिंचोके उडू नयेत म्हणून. भेगाळात तिघं बावडीच्या तळाशी पोचले होते. तहान्या सगळ्या देशाचं पाणी पिऊन फुगून बसला होता, आणि अडकलेली गावकरी माणसं वर कप्पीच्या दोरावर लटकत होती. दोराचं टोक खाली सोनकळेच्या हातात.

"दौलतले काय दिसते?" मिलिंदनं विचारलं.

मी सांगितलं. ओला काळोख. दगडांना शेवाळाचा वास. तहान्या घोट घेतो तेव्हा बावडी खोल गुडगुडते, आणि घोटाघोटामध्ये त्याच्या गळ्यावरचं खवलं वर उचललं जातं. तेवढीच जागा.

"मी मारतो," मिलिंद म्हणाला.

शुभांगी पुढे सरकली. सोबत्यानं हात दिला तर एक चिंचोका जास्तीचा मिळतो, असा माझा नियम होता. "सोनकळा आहे ना बाजूले. घे माया चिंचोका."

"नको. सोनकळानं लोकं वर काढावे. दोर तुया हातात आहे. हे दौलत एकटा करन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याचा माणूस, त्याची मर्जी.

त्यानं ओंजळ कानाशी नेऊन खुळखुळवली आणि सहाही परातीत टाकले. आम्हा तिघांना एका नजरेत दिसलं. सहाही काळे. पुढे आंबे होते, पण प्रफुलचा हात तसाच थांबला. शुभांगीचं तोंड उघडलं, मी डोळे वटारले, तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. माझ्या गुडघ्यापासून परात वीतभर होती. एक धक्का, चुकून लागल्यासारखा, आणि एखादा चिंचोका पलटला असता. मी कोण, तर देश बनवणारी. मनात आलं माझ्या. मीही हात मांडीखाली घेतले.

मिलिंदचं बोट पहिल्यावर टेकलं. "गुळगुळीत." दुसऱ्यावर. "गुळगुळीत." तिसरा. चौथा. चौथ्यापाशी तो सावकाश झाला, पाचव्यावर ओठ घट्ट मिटले. सहावा परातीच्या कडेला गेला होता. तो शोधताना त्याचं बोट धोतरावरून कितीतरी वेळ फिरलं आणि आमच्यापैकी कुणीही "इकडे" म्हणालं नाही. सापडला. बोट त्यावर राहिलं. मग तो परत पहिल्यापासून सगळे चाचपून आला.

"शुभे," तो म्हणाला, "तू सांग. पांढरे किती?"

शुभांगीनं तोंडातून ओढणी काढली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज तिनं बसमध्ये ठेवते तसा खणखणीत ठेवला. "एकबी नाई, मिल्या."

"पक्कं?"

"पक्कं. सहाच्या सहा काळे."

मिलिंदनं मांडीवर अशी जोरात थाप मारली की परातीतले चिंचोके उडाले, आणि दोन्ही हात वर करून, इलेक्शन जिंकल्यासारखा, कूलरच्याही वर आवाज काढून ओरडला, "मेलो! अबे, खरंच मेलो मी!"